काउंटरवरचा संगणक पुन्हा पुन्हा निळा पडतोय? यूएसबी ड्रायव्हरचा माग असा काढा

दुपारी एकला दुकान बंद होतं, संगणक तसाच चालू राहतो आणि थोड्या वेळाने आपोआप स्लीपमध्ये जातो. साडेतीनला शटर वर केल्यावर माऊस कितीही हलवला तरी स्क्रीन काळीच. पंखा फिरतोय, कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा दाद देत नाही, आणि काही मिनिटांनी निळा पडदा. दुसरा प्रकार याहून झटपट असतो. वजनकाट्याची वायर जराशी हलते आणि चालू बिलासकट सगळं जागच्या जागी थांबतं. मग कुणीतरी येऊन विंडोज नव्याने टाकतो, आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

म्हापशाच्या बाजारातली भुसारी दुकानं, काजूची विक्री केंद्रं, फार्मसी, हॉटेलांची रिसेप्शन, जिथे जिथे एका संगणकाला वजनकाटा, थर्मल प्रिंटर आणि स्कॅनर जोडलेले असतात, तिथे हा त्रास ओळखीचा आहे. फॉरमॅट करून तो जात नाही. विंडोज नवी होते, पण कन्व्हर्टरबरोबर (वजनकाट्याची सिरीयल वायर यूएसबीला जोडणारा डबा) आलेल्या सीडीतला किंवा तंत्रज्ञाच्या पेनड्राइव्हवरचा तोच जुना ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यातला दुवा असलेला प्रोग्रॅम, तिच्यावर परत बसतो. शिवाय दोषी कोण हे सांगणारा एकमेव पुरावा फॉरमॅटमध्ये पुसला जातो. म्हणून आधी पुरावा उचलायचा, नाव शोधायचं, आणि मग नेमका तेवढाच ड्रायव्हर काढायचा.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ दोन्हींना लागू आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी काउंटरवर ती अजून बरीच दिसते. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत टाकायच्या.

एका ड्रायव्हरपायी अख्खं मशीन का थांबतं

बिलिंगचं सॉफ्टवेअर अडकलं तर विंडोज त्याला बंद करून पुढे चालते. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणाऱ्या ड्रायव्हरच्या बाबतीत ती सोय नाही, कारण तो आणि विंडोजचा गाभा एकाच मेमरीत वावरतात. ड्रायव्हरने भलत्या पत्त्यावर लिहिलं तर आणखी काय काय बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही. तसंच पुढे चालत राहिलं तर डिस्कवरच्या फायलींत कचरा जाऊ शकतो. ते टाळण्यासाठी विंडोज स्वतःच मशीन थांबवते. म्हणजे निळा पडदा हा बचाव आहे. बिघाड त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. हे ध्यानात ठेवलं की पडद्यावर दिसणारं नाव आणि खरा दोषी वेगळे का निघतात ते समजतं.

पुरावा हातचा घालवू नका

विंडोज की आणि आर दाबून एसवायएसडीएम डॉट सीपीएल उघडा. 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्जमध्ये जा. 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा, म्हणजे निळा पडदा वाचायला थांबेल. त्याखाली 'ऑटोमॅटिक मेमरी डम्प' निवडा. डम्प म्हणजे मशीन पडतानाच्या मेमरीची नोंद. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) सी ड्राइव्हवर असायलाच हवी. जागा वाचवायला ती बंद केलेली किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेली असेल तर बहुधा डम्पच तयार होत नाही, आणि लोकांना वाटतं की विंडोज काही नोंदवतच नाही.

सगळ्यात जास्त पुरावा पॉवर बटणामुळे जातो. मशीन पडताना डम्प आधी पेजफाइलमध्ये लिहिला जातो आणि पुढच्या वेळी विंडोज चालू होताना त्याची वेगळी फाइल बनते. पडद्यावरची टक्केवारी १०० होईपर्यंत थांबायचं. समोर गिऱ्हाईक उभं असताना हे जड जातं, पण २० टक्क्यांवर बटण दाबून धरलं तर हाती काहीच लागत नाही.

फायली सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरातल्या मिनीडम्प या फोल्डरात असतात. फाइलच्या नावातले पहिले सहा आकडे म्हणजे तारीख, तीही महिना-दिवस-वर्ष या क्रमाने. ०७१५२५ म्हणजे १५ जुलै २०२५. त्या सगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. 'पीसी क्लीनर' जातीची सॉफ्टवेअर या फायली कचरा समजून उडवतात. तसलं काही बसवलेलं असेल तर तपास संपेपर्यंत ते काढून ठेवा.

विंडोज फोल्डरातच लाइव्हकर्नलरिपोर्ट्स नावाचं आणखी एक फोल्डर असतं. त्यात यूएसबीएचयूबी३ किंवा यूएसबीएक्सएचसीआय नावाची उपफोल्डरं आणि त्यांत फायली दिसल्या, तर निळा पडदा न येताही यूएसबी हब किंवा कंट्रोलर गडबडत होता असं समजा. तंत्रज्ञ सहसा इथे पाहत नाहीत, पण क्रॅश व्हायच्या कितीतरी आधीची खबर इथे सापडते.

लाईट गेली की मशीन पडलं?

पावसाळ्यात हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, नाहीतर ड्रायव्हरचा माग काढता काढता शेवटी जुनी यूपीएस बॅटरी हाती लागते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टिम', आणि तिथे कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद शोधा. ही नोंद फक्त एवढंच सांगते की गेल्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नाही. खरी माहिती तिच्या 'डिटेल्स' टॅबमधल्या बगचेककोडमध्ये असते. तो शून्य असेल तर वीज गेली, यूपीएसने दगा दिला किंवा मशीन पूर्ण गोठून कुणीतरी बटण दाबलं. या लेखातला पुढचा भाग अशा मशीनच्या कामाचा नाही. शून्य नसेल तर तो खरा क्रॅश.

इथे एक गोम आहे. ही नोंद आकडा दशमान पद्धतीत देते आणि निळ्या पडद्याच्या बहुतेक याद्या षोडशमान पद्धतीत असतात. १५९ म्हणजे ९एफ, २०९ म्हणजे डी१, २५४ म्हणजे एफई, ३२४ म्हणजे १४४, आणि २६९ म्हणजे १०डी. '१५९' असा कोड इंटरनेटवर शोधून भलतंच वाचणारे पुष्कळ असतात.

९एफ म्हणजे झोपताना किंवा जागं होताना एखाद्या ड्रायव्हरने विजेसंबंधीची विनंती अडवून धरली आणि विंडोजने काही मिनिटं वाट पाहून नाद सोडला. दुपारनंतरची काळी स्क्रीन बहुतेक वेळा हीच. डी१ म्हणजे ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या पत्त्याला हात लावला. वायर हलल्यावर पडणारं मशीन बहुधा याच कोडाने पडतं. एफई आणि १४४ हे खास यूएसबीचे कोड, त्यातला १४४ हा यूएसबी ३ च्या ड्रायव्हर संचाचा. १०डी हा विंडोजच्या ड्रायव्हर चौकटीचे नियम मोडल्याचा.

डम्प वाचणं

विनडीबीजी हे मायक्रोसॉफ्टचं साधन मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून फुकट मिळतं. ते काउंटरच्या मशीनवर टाकू नका, दुसऱ्या संगणकावर टाका. डम्पची प्रत डेस्कटॉपवर ठेवून तिथून उघडा, मूळ फोल्डरातून उघडताना परवानगीची अडचण येते. पहिल्या वेळी ते मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून सिम्बॉल (कोडातल्या पत्त्यांना नावं देणाऱ्या फायली) उतरवतं, त्यासाठी इंटरनेट हवं आणि थोडा धीर हवा. मग एकच कमांड: !अ‍ॅनलाइझ -व्ही.

तळाशी 'इमेज नेम' म्हणून एक नाव येतं. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि फसतात. ते नाव एनटीओएसकेआरएनएल, यूएसबीएक्सएचसीआय, यूसीएक्स०१०००, यूएसबीएचयूबी३ किंवा यूएसबीसीसीजीपी असेल तर ते विंडोजचेच भाग आहेत. पडताना सगळ्यात वर तेच उभे असतात, म्हणून त्यांचं नाव पुढे येतं. नुसता निळ्या पडद्यांचा तक्ता दाखवणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांचंही तेच: त्यांचा अंदाज यादी करण्यापुरता ठीक, निदानासाठी पुरा पडत नाही.

९एफ असेल तर चार पॅरामीटर पाहा. पहिला ३ असेल तर एखाद्या उपकरणाने विनंती अडवली आहे, आणि चौथा पॅरामीटर हा त्या अडकलेल्या विनंतीचा पत्ता. तो पत्ता उचलून !आयआरपी आणि पुढे पत्ता अशी कमांड द्या. उत्तरात एकाखाली एक थर येतात आणि त्यांतल्या एका ओळीच्या सुरुवातीला '>' अशी खूण असते. विनंती त्याच थरावर थांबलेली असते. त्या ओळीखाली \ड्रायव्हर\ या शब्दापुढे जे नाव येईल, विनंती त्याच्या ताब्यात आहे. वजनकाट्याच्या कन्व्हर्टरचा ड्रायव्हर तिथे दिसला तर शोध जवळजवळ संपला. तिथे विंडोजचाच हब ड्रायव्हर दिसला, तर दुसरा पॅरामीटर घेऊन !डेव्हस्टॅक चालवा. त्या उपकरणावर एकावर एक कोण कोण बसलंय ते दिसतं, आणि उपरा त्यात लगेच ओळखू येतो. मिनीडम्पमध्ये एवढी माहिती नसेल तर विंडोज फोल्डरातली मोठी मेमरी डॉट डीएमपी फाइल उघडा.

डी१ मध्ये पॅरामीटरांचा अर्थ वेगळा. पहिला म्हणजे ज्या मेमरीला हात लावला तिचा पत्ता, दुसरा आयआरक्यूएल (त्या क्षणी चालू कामाची अग्रक्रमाची पातळी), तिसरा ० असेल तर वाचताना आणि १ असेल तर लिहिताना, चौथा म्हणजे ज्या सूचनेने हे केलं तिचा पत्ता. पहिला आकडा २८ किंवा ४० असा अगदी लहान असला, तर ड्रायव्हर रिकाम्या पॉइंटरवरून वाचायला गेला असं जवळजवळ नक्की समजा: उपकरण निघून गेलं, त्याची नोंद पुसली गेली, आणि ड्रायव्हर तरीही तीच नोंद उघडू पाहतोय. चौथा पत्ता एल-एन या कमांडला द्या, तो कोणत्या ड्रायव्हरच्या हद्दीत पडतो ते कळेल. मग के कमांडने स्टॅक, म्हणजे कोडातला कोणता भाग कुणाला बोलावत इथवर आला ती साखळी, पाहा. 'अनेबल टू व्हेरिफाय टाइमस्टॅम्प' असा इशारा एखाद्या नावापुढे दिसला तर घाबरू नका. बाहेरच्या कंपनीच्या ड्रायव्हरचे सिम्बॉल मायक्रोसॉफ्टकडे नसतात, म्हणून तो येतो. उलट त्या इशाऱ्यामुळे बाहेरचे ड्रायव्हर आपोआप नजरेत भरतात.

नाव मिळालं की एल-एम-व्ही-एम आणि ते नाव, शेवटचं 'डॉट एसवायएस' न लावता. फाइलची जागा, आवृत्ती आणि बनवल्याची तारीख येते. तारखेच्या जागी 'रिप्रोड्युसिबल बिल्ड' असं काही दिसलं तर तो आकडा तारीख नसतो, तिथे आवृत्ती पाहावी. २००८ किंवा २०१० ची तारीख असलेला ड्रायव्हर आजच्या विंडोजवर, यूएसबी ३ च्या पोर्टवर चालतोय हे दिसलं की पुढचं काम सरळ होतं.

एका डम्पवर निर्णय घेऊ नका. तीन-चार डम्प उघडा. प्रत्येकात तोच ड्रायव्हर आला तर बोट त्याच्यावर ठेवा. दर वेळी नवं नाव आणि नवा कोड, कधी १ए, कधी ५०, कधी ३बी, असं असेल तर यूएसबीचा नाद सोडून आधी रॅम तपासा: एमडीएसस्केड चालवा, आणि दोन स्टिक असतील तर एक काढून काही दिवस मशीन चालवून पाहा.

हे नाव कोणत्या डब्याचं?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स'खाली कन्व्हर्टर दिसतो. त्याच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. ०६७बी:२३०३ म्हणजे पीएल२३०३ घराण्यातली चिप, १ए८६:७५२३ म्हणजे सीएच३४०, ०४०३:६००१ म्हणजे एफटी२३२, १०सी४:ईए६० म्हणजे सीपी२१०एक्स. 'ड्रायव्हर डिटेल्स'मध्ये फायलींची नावं येतात. डम्पमधलं नाव त्यांत आहे का ते ताडून पाहा.

डब्यावर छापलेल्या नावाला फारसा अर्थ नाही. बाजारात नक्कल चिपा खूप आहेत आणि हा त्रास पुन्हा पुन्हा येण्याचं एक मूळ तिथेच आहे. पीएल२३०३ च्या एचएक्सए या जुन्या प्रकाराचं उत्पादन केव्हाच थांबलंय. नवा ड्रायव्हर ती चिप ओळखतो आणि कोड १० दाखवून नाकारतो. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या एका ड्रायव्हरने नक्कल चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता, तेव्हा जगभर गदारोळ झाला. अशा वेळी 'चालतंय ना' म्हणून खूप जुना ड्रायव्हर मुद्दाम शोधून बसवतात, आणि तो नव्याने बदलू नये म्हणून अपडेटही बंद करतात. वजन दिसायला लागतं, पण क्रॅशचं बी तिथेच पेरलं जातं. अशी चिप निघाली तर ड्रायव्हर शोधत बसू नका, कन्व्हर्टर बदला.

पावसाळ्यात हे का वाढतं

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. किनाऱ्याजवळच्या दुकानांत त्यात खारा वारा. यूएसबीच्या पोर्टातल्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. रोज वायर काढ-घाल करून तो झिजतो आणि खालचा धातू उघडा पडतो. टॉर्च मारून पाहिलं तर पट्ट्यांच्या टोकाशी मळकट हिरवट थर आणि बाहेरच्या पत्र्यावर पांढुरके डाग दिसतात. अशा पोर्टात उपकरण पूर्ण तुटत नाही. ते क्षणभर निसटतं आणि परत जोडलं जातं. विंडोजचा आवाज चालू ठेवलात तर तो 'तुटलं-जोडलं'चा सूर दिवसातून कितीदा तरी ऐकू येईल. काउंटरवर आवाज बंदच असतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

आता ड्रायव्हरच्या बाजूने पाहा. उपकरण रीतसर काढणं आणि अचानक गायब होणं यांसाठी कोडातली वाट वेगळी असते, आणि घाईने लिहिलेल्या ड्रायव्हरात नेमकी तीच वाट कच्ची राहते. त्यातून वजनकाटा सतत वजन पाठवत राहण्याच्या मोडमध्ये असेल तर ड्रायव्हरपाशी वाचनाची एक विनंती कायम प्रलंबित असते. उपकरण निसटलं, ड्रायव्हरने त्याची मेमरी सोडली, आणि मागून प्रलंबित वाचनाचं उत्तर आलं. ते सोडलेल्या मेमरीत उतरतं आणि डी१. कोरड्या पोर्टावर हा दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहतो, गंजलेल्या पोर्टावर तो आठवड्याला वर येतो. नुसता पोर्ट साफ केला तर क्रॅश कमी होतील, पण पुढच्या पावसाळ्यात परत येतील. नुसता ड्रायव्हर बदलला तर मशीन पडणार नाही, पण वजन मधूनमधून शून्य दाखवेल. दोन्ही करावं लागतं.

पोर्ट आणि ड्रायव्हर यांपैकी कुणाचा वाटा किती, हे पाहायची एक चांगली युक्ती म्हणजे लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह. काही न बसवता त्यावरून मशीन चालू करा, टर्मिनलमध्ये सुडो डीमेसेज -डब्ल्यू द्या आणि वायर हळूच हलवा. 'यूएसबी डिस्कनेक्ट' अशा ओळी धडाधड आल्या किंवा एरर -७१ दिसला तर दोष तांब्याचा: वायर, पोर्ट किंवा हब. -११० म्हणजे उपकरणाने वेळेत उत्तर दिलं नाही. तिथे वीजपुरवठाही तपासा. अर्धा तास काहीच आलं नाही तर संशय विंडोजच्या ड्रायव्हरवर घट्ट करा. उबुंटू २२.०४ वापरत असाल आणि सीएच३४० चा कन्व्हर्टर जोडताच निसटत असेल, तर ते फसवं लक्षण आहे: अंध वापरकर्त्यांसाठी असलेला बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम त्या चिपला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतो. तो काढून पुन्हा पाहा.

संशयिताला कोंडीत पकडणं

डम्पमध्ये नाव स्पष्ट येत नसेल तर ड्रायव्हर व्हेरिफायर लावा. हा विंडोजमध्येच असतो. तो निवडलेल्या ड्रायव्हरवर इतकी कडक नजर ठेवतो की चूक घडल्याबरोबर मशीन थांबतं, आणि निळ्या पडद्यावर, बहुधा सी४ कोडासह, खऱ्या दोषीचं नाव येतं.

आधी तीन गोष्टी करा: बिलिंगच्या डेटाचा बॅकअप, रिस्टोअर पॉइंट, आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर. ही की नसेल तर सेफ मोडकडे जाताना मशीन तिथेच अडकून बसतं. मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हेरिफायर /स्टँडर्ड /ड्रायव्हर आणि पुढे संशयित फाइलचं पूर्ण नाव, डॉट एसवायएससह. 'सगळे ड्रायव्हर' कधीही निवडू नका, मशीन कासवाच्या गतीने चालतं आणि नको ते ड्रायव्हर पकडले जातात. बाहेरचे एक-दोन पुरेत. रीस्टार्ट करा आणि नेहमीचं काम चालू ठेवा, मुद्दाम स्लीप करा, वजन चालू असताना वायर काढा. मशीन चालू होतानाच पडायला लागलं तर सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर /रीसेट. तपास संपला की तीच कमांड द्यायची आणि रीस्टार्ट करायचं. विसरलात तर मशीन विनाकारण मंद राहील आणि किरकोळ चुकीवरही पडेल. चवथीच्या बाजाराच्या आठवड्यात हा प्रयोग करू नका.

मुळासकट काढणं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं 'अनइन्स्टॉल' केलं तर ड्रायव्हरची प्रत विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये तशीच राहते, आणि वायर परत लावल्यावर तीच बसते. म्हणून अनइन्स्टॉलच्या चौकटीत ड्रायव्हरही काढून टाकण्याची खूण करायची. त्याहून पक्कं काम कमांडने होतं. इंटरनेट बंद करा, कन्व्हर्टर काढा, अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिल /एनम-ड्रायव्हर्स द्या. यादीत 'प्रोव्हायडर' आणि 'ओरिजिनल नेम' पाहून आपला ड्रायव्हर शोधा. त्याचं विंडोजने दिलेलं नाव ओईएम१२ डॉट आयएनएफ असं काहीतरी असेल. मग पीएनपीयूटिल /डिलीट-ड्रायव्हर, ते नाव, /अनइन्स्टॉल, आणि नाहीच निघाला तर /फोर्स. एकाच कंपनीच्या तीन-चार आवृत्त्या साठलेल्या सापडतात. सगळ्या काढा, नाहीतर विंडोज उरलेल्यांतली एक निवडते.

मग 'व्ह्यू'मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' लावून फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी काढा. बहुतेक स्वस्त कन्व्हर्टरांना स्वतःचा सिरीयल क्रमांक नसतो, त्यामुळे विंडोज प्रत्येक पोर्टासाठी नवी नोंद करते आणि कॉम क्रमांक (विंडोज सिरीयल पोर्टाला देते तो) वाढत जातो. सफाई करणाऱ्या मुलाने वायर शेजारच्या पोर्टात लावली की कॉम३ चा कॉम७ होतो आणि 'वजन येत नाही' म्हणून फोन येतो. पोर्ट आणि वायर दोन्हींवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा, हा प्रश्न तिथेच मिटतो.

रीस्टार्ट केल्यावर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा ताजा ड्रायव्हर बसवा, काट्याच्या सीडीतला नको. शक्य असेल तिथे बाहेरचा कर्नल ड्रायव्हर लागणारच नाही अशी मांडणी करा: बारकोड स्कॅनर कीबोर्ड मोडमध्ये, प्रिंटर आभासी कॉम पोर्टाऐवजी साध्या यूएसबी प्रिंटर मोडमध्ये. सीडीसी प्रकारच्या, म्हणजे यूएसबीच्या ठरलेल्या मानकाप्रमाणे चालणाऱ्या, सिरीयल उपकरणांना विंडोज १० पासून विंडोजचाच यूएसबीएसईआर ड्रायव्हर चालतो, नवं उपकरण घेताना तेच विचारून घ्या. काट्यातही 'सतत पाठवणे'ऐवजी 'मागितल्यावर पाठवणे' हा मोड असेल आणि बिलिंग सॉफ्टवेअरला चालत असेल तर तो लावा.

वीज आणि झोप

ड्रायव्हर बदलेपर्यंतची सोय म्हणून पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप 'नेव्हर' करा, फक्त स्क्रीन बंद होऊ द्या. 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण अख्खं मशीन झोपताना ड्रायव्हरला विजेची विनंती जातेच. फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा हायबरनेट होतो, म्हणजे रोज रात्री बंद होणारं मशीनही ड्रायव्हरच्या दृष्टीने बरेच दिवस सलग चालू असतं. पॉवरसीएफजी /एच ऑफ या एका कमांडने ते जातं. रीस्टार्ट मात्र नेहमी पूर्ण होतो, म्हणून बदल केल्यावर रीस्टार्टच करायचं.

पोर्ट साफ करताना मशीन बंद, प्लग बाहेर. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. सुई, सँडपेपर, रॉकेल काहीही नको. दहा मिनिटं सुकू द्या. पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर तो पोर्ट वापरातून काढा. यूएसबी २ ची वायर ५ मीटरच्या पुढे नको, आणि एकाला एक जोडलेल्या एक्स्टेन्शन वायरी तर नकोतच. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. स्कॅनर, कन्व्हर्टर आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र एकाच बिनविजेच्या हबवर लटकवलं तर व्होल्टेज पडतं. भार असताना पोर्टावर ४.७५ व्होल्टच्या खाली दिसलं तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. प्रिंटर आणि संगणक वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर अर्थिंगही पाहा. न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये मल्टिमीटरवर २-३ व्होल्टहून जास्त दिसलं तर आधी वायरमनला बोलवा, कारण तो फरक यूएसबीच्या वायरीतून वाट काढतो.

बरं झालं हे कसं ठरवायचं

आठवडाभर मशीन पडलं नाही एवढ्यावर समाधान मानू नका. वजन चालू असताना वायर वीस वेळा काढून घाला. मग वीस वेळा स्लीप करून जागं करा, त्यातल्या निम्म्या वेळा झोपलेलं असताना कन्व्हर्टर काढून. एकदा तासाभराची लांब झोप द्या. दर वेळी वजन परत येतं का आणि कॉम क्रमांक तोच राहतो का ते पाहा. शेवटी मिनीडम्प आणि लाइव्हकर्नलरिपोर्ट्स ही दोन्ही फोल्डरं उघडा. आजच्या तारखेची एकही फाइल नसेल तर काम झालं. चालणाऱ्या ड्रायव्हरची आवृत्ती, चिपचा क्रमांक आणि कॉम क्रमांक कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि जुनी सीडी दुकानात ठेवू नका.